माळ्यावरची खेळणी भंगारात घालण्याआधी एवढं वाचा

नवरात्र संपलं की आपल्याकडे घराघरांत आवराआवर सुरू होते. तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर, चिखली, कुठल्याही गल्लीत उभे राहा, भंगारवाल्याची हातगाडी दुपारपर्यंत शिगोशीग भरलेली दिसते. पितळ किलोवर, पत्रा किलोवर, प्लास्टिक किलोवर. त्यात आजीच्या भातुकलीतली बोटभर उंचीची पितळी बंबी असते, काकांची चावीची मोटार असते, कुठे लाकडी सोंगट्यांचं गाठोडं असतं. वजन करताना कुणी बघत नाही. जुनी खेळणी तशीही हलकी असतात, त्यांचे पैसे वेगळे निघतच नाहीत.

आपला पट्टा म्हणजे भंगाराचं माहेरघर. कारखान्यांचं भंगार, घरांचं भंगार, सगळं कुदळवाडीकडे जायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली हजारो पत्राशेड पाडली, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. कारवाई बरोबर की चूक, यावर पुष्कळ भांडून झालं, आज तो विषय नाही. पण त्या गोदामांतून इतक्या वर्षांत आपल्या घरांतलं काय काय वितळायला गेलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. वाडे पडले, गुंठेवारी झाली, १९९७ साली गाव महापालिकेत गेलं, शेताच्या जागी वर्कशॉप आली आणि माळे रिकामे झाले. जमिनीचा सातबारा सगळ्यांनी जपला. खेळण्यांना सातबारा नसतो.

तुम्ही म्हणाल, खेळणी ती खेळणी, त्यात इतिहास कसला? तर आपल्या दारातूनच सुरुवात करू.

तळवड्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर आपण रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो. आज जगभर 'सापशिडी' म्हणून जो खेळ खेळला जातो, त्याचं मराठी रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगते. कापडावर किंवा कागदावर घरं आखलेली, पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. हातात फासा नाही, सहा कवड्या. सापांना नावं होती, काम, क्रोध, लोभ, मत्सर अशी. शिड्या म्हणजे सद्गुण. साप जास्त, शिड्या कमी. आत्ताच्या छापील पटावर हे प्रमाण बरोबरीला आणलंय, म्हणजे खेळ सोपा केला. मूळ खेळणाऱ्यांना तो सोपा करायचाच नव्हता.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण व्हॉट्सअॅपवर दर कार्तिकी एकादशीला "सापशिडीचा शोध माउलींनी लावला" असा मेसेज फिरतो. १३व्या शतकातला एकही पट आज कुणाच्या हातात नाही. जे जुने पट जगातल्या संग्रहालयांत आहेत ते बहुतेक १८व्या-१९व्या शतकातले. हा खेळ जैनांत होता, वैष्णवांत होता, गुजरात-राजस्थानात 'ज्ञान चौपड' म्हणून होता, घरांची संख्या कुठे ७२, कुठे ८४, कुठे त्याहून जास्त. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात याच खेळावर पीएचडी केली, २०१९ साली, आणि विषय होता पश्चिम भारतातला हा मोक्षाचा खेळ. त्यांच्या शोधाला मदत झाली ती पुण्यातून. भांडारकर संस्थेत आयुष्य घालवलेले वा. ल. मंजूळ यांनी मोक्षपट हुडकले, ते लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात. म्हणजे डेन्मार्कचा माणूस विचारत आला तेव्हा वस्तू पुण्यातच होती. एका अभ्यासकानं ती टाकून दिली नव्हती, एवढंच कारण.

माझं म्हणणं असं, की माउलींनी तो पट स्वतः आखला का, हा वाद भक्तांनी आणि अभ्यासकांनी घालावा. पण वारकरी घरांत, फडांत, मठांत हा पट खेळला गेला. आपल्या परिसरात चार-चार पिढ्यांची वारी असलेली घरं आहेत. पोथ्यांच्या रुमालात घडी घातलेलं एखादं रंगीत कापड "हे कसलं यंत्र आहे" म्हणून इंद्रायणीत सोडलं गेलं नसेल कशावरून? जुन्या पोथ्या पाण्यात सोडायची आपल्याकडे रीत आहे. रीत श्रद्धेनं आली, मान्य, पण तिनं नुकसान फार केलंय.

इंग्रजांनी हा खेळ १८९०च्या दशकात विलायतेत नेला. तिथे आधी सापांना त्यांच्या पद्धतीचे दुर्गुण चिकटवले, मग हळूहळू नावंच गळाली आणि उरला नुसता साप. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं साप काढून घसरगुंडी लावली. सारीपाटाचंही तेच. जेजुरीच्या कथेत खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि बाणाईकडे मेंढ्या राखायला जातो. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात अकबराचा दगडी पट आजही बघायला मिळतो. त्याच खेळाच्या चार हातांच्या पटाला चौकोनात बसवून, कवड्या काढून, एक फासा घालून इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलं गेलं. नाव ल्युडो. मग आपण तो खेळ पैसे देऊन परत विकत घेतला आणि लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर खेळून बोटं झिजवली.

गंजिफाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती वाचलेल्या वस्तूची गोष्ट आहे आणि अशा गोष्टी थोड्या आहेत.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात ८ रंग आणि ९६ पत्ते. आपल्याकडे त्याचं दशावतारी रूप झालं, मत्स्य, कूर्म, वराह असे १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं, एकूण १२० पत्ते. तीन खेळाडू. दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाच्या राजानं, रात्री बसलात तर कृष्णाच्या. गंमत म्हणजे निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा, तेव्हा लक्ष जरा हललं की डाव गेला. पुरावा म्हणून ठेवायला नव्हे, तर खरंच डोकं लावायला लावणारा खेळ.

सावंतवाडीत हे पत्ते चितारी लोक हातानं करायचे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घासून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, त्यावर रंग आणि वर लाखेचा लेप. राजघराण्यांसाठी हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचेही होत. मग छापील विलायती पत्ते आले. ५२ पानं, स्वस्त, खिशात मावणारी. १९७०च्या सुमारास अशी वेळ आली, की सावंतवाडीत गंजिफा करणारा एकच म्हातारा चितारी उरला, ऐंशीच्या घरातला. तेव्हा तिथले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्या म्हाताऱ्याला राजवाड्यात बोलावलं, तरुण मुलं शिकायला बसवली, राणीसाहेब स्वतः शिकल्या. दरबार हॉलमध्येच कारखाना सुरू झाला. आजही सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात लोक मांडी घालून पत्ते रंगवताना दिसतात. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या.

हे लिहायचं कारण, तिथे एक म्हातारा उरला होता आणि कुणीतरी वेळेवर त्याच्याकडे गेलं. आपल्याकडे पोळ्याचे मातीचे बैल हातानं वळणारे, लाकडी गाडा-बैल तासणारे सुतार, पत्र्याच्या डब्यातून यात्रेची खेळणी करणारे लोक होते. बैलगाडा शर्यतीसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो आणि २०२३ मध्ये जिंकलो, चांगली गोष्ट. पण पोरांच्या खेळण्यातला लाकडी गाडा करणारा सुतार कधी संपला ते कळलं नाही. विदर्भात निदान तान्हा पोळा आहे, लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, त्यामुळे तिथे लाकडी बैलाला अजून गिऱ्हाईक आहे. सण टिकला तर खेळणं टिकतं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यानं मातीचे मावळे टिकवले होते. आता किल्लाच प्लास्टरचा तयार मिळतो.

चाकाच्या बैलाचा विषय निघालाच आहे तर दायमाबाद आठवतं. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. प्राण्यांच्या पायाखाली चाकं किंवा चाकांची सोय. सगळ्याचं वजन ६० किलोच्या वर. एवढं जड मुलाचं खेळणं नसतं, ते पूजेचं किंवा मिरवणुकीचं असावं असं अभ्यासक म्हणतात. पण चाकावरचा प्राणी दोरीनं ओढायची कल्पना आपल्या मातीत हजारो वर्षांची आहे, हे त्यातून दिसतंच. आणि तो ऐवज मोडीत गेला नाही, सरकारजमा झाला, म्हणून आज तो पुस्तकांत आहे.

आता गोळा करणाऱ्यांकडे येतो. पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत बघितलं असेल. दिनकर केळकर, कवी म्हणून नाव 'अज्ञातवासी', घरचं चष्म्याचं दुकान. सुमारे १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, बाहुल्या, सोंगट्या, गंजिफा, असं रोजच्या वापरातलं सामान जमवायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा मुलगा, तो लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं. २० हजारांच्या वर वस्तू झाल्या आणि १९७५ साली केळकरांनी तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात. बाईच्या हातातला अडकित्ता आणि मुलाच्या हातातली बाहुली जपावी, हे त्या काळात सुचणं अवघड होतं. त्याच्याही पुढे पुण्यात विलास करंदीकरांनी भातुकलीची शेकडो भांडी जमवून प्रदर्शनं भरवली. कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांचं बाहुल्यांचं संग्रहालय १९६५ पासून आहे, आणि त्याची सुरुवात एका हंगेरियन बाहुलीपासून झाली.

पिंपरी-चिंचवडला काय आहे? गाड्या बनवणारं शहर आपलं. आकुर्डीत बजाजची स्कूटर झाली, पिंपरीत ट्रक झाले, चाकणला तर देशोदेशीच्या कंपन्या आहेत. जगात जुन्या खेळण्यातल्या मोटारींना मोठी मागणी असते. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या 'डिंकी टॉइज'चे जुने साचे कोलकात्याला आले आणि 'निकी टॉइज' नावानं मोटारी निघाल्या. नंतर तिथेच 'मॅक्सवेल'च्या छोट्या गाड्या निघाल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकात 'लिओ मॅटेल'नं हॉट व्हील्स भारतात केल्या, त्यांचे रंग आणि स्टिकर परदेशी मालापेक्षा वेगळे होते. आज परदेशातले संग्राहक नेमक्या या भारतीय गाड्या शोधतात. आपण त्या पोरांना दिल्या, पोरांनी चाकं काढली, आणि राहिलं ते हातगाडीवर गेलं. दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात लेखी सूचना दिली होती, की एखाद्या वाचनालयात जुन्या खेळण्यांचं एक कपाट ठेवा. उत्तर आलं, "विषय या विभागाशी संबंधित नाही." कोणत्या विभागाशी आहे, ते लिहिलं नव्हतं.

असो. कामाचं बोलू. वस्तू किती जुनी, हे ओळखायला तज्ज्ञ लागतोच असं नाही, खोक्यावरचे शिक्के पुष्कळ सांगतात. किंमत आण्यांत छापली असेल तर ती १९५७च्या आधीची. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरचीच, कारण पिनकोडच त्या दिवशी आला. पत्र्याच्या खेळण्यावर इंग्रजीत 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर ते १९४७ ते १९५२ या पाच वर्षांतलं, युद्ध हरलेल्या जपाननं निर्यातीसाठी केलेलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. जुनं पत्र्याचं खेळणं बहुधा पत्र्याच्याच जिभा वाकवून जोडलेलं असतं. जुन्या बाहुलीला अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या, कापरासारखा आला तर ती सेल्युलॉइडची. ती दिव्यापासून लांब ठेवा, भडकन पेटते. यात्रेत मिळणारी पत्र्याची बोट, तेलाची वात लावली की फटफटत पाण्यात फिरणारी, तिचं मूळ पेटंट १८९१ चं आहे, पण बोटी आजही निघतात, तेव्हा बोट दिसली की लगेच 'अँटिक' म्हणू नका.

आणि फसू नका. जुना बाजार असो की इंटरनेट, आम्लात बुडवून काळं केलेलं नवं पितळ 'पेशवेकालीन भातुकली' म्हणून विकलं जातं. खरी वापरलेली भांडी धरायच्या जागी, कडेला, बुडाला झिजलेली असतात, सगळीकडे सारखी काळी नसतात. खरं सापडलं तर चिंच-मीठ लावून लख्ख करू नका, सुक्या फडक्यानं पुसा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून नातवाच्या तोंडात जाईल असं काही त्याला देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६च्या नियमांनी आली, त्याआधीचं सगळं संशयितच समजा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित, ही पुरावस्तू ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, तिच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. हातानं लिहिलेला मोक्षपट यात सहज बसू शकतो. घरात ठेवणं हा गुन्हा नाही, घाबरून कुणी जाळू नका. पण "काका, दोन हजार देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला देऊही नका.

मला स्वतःला वस्तू नकोत. माझं घर वन बीएचके आहे आणि बायकोनं आधीच बजावलंय. मला हवेत फोटो आणि माहिती. या दिवाळीच्या आवराआवरीत भातुकली, ठकी, सोंगट्या, कवड्या, गंजिफा, लाकडी बैल, चावीच्या मोटारी, काही निघालं तर शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा फूटपट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. पाठची, बुडाची बाजूही घ्या. खाली लिहा, कुणाची होती, कुठून आणली, तिला घरात काय म्हणत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वस्तू नंतरही सापडेल, पण तिला घरात काय म्हणायचे हे सांगणारी आजी नंतर सापडणार नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी जमलेले फोटो गावच्या एखाद्या शाळेत मांडायचा विचार आहे, जागा द्यायला कुणी तयार असेल तर कळवा.

आणि पोथ्यांच्या रुमालात घरं आखलेलं, सापांची चित्रं असलेलं कापड किंवा कागद निघाला, तर तो पूर्ण उलगडू नका. जुना कागद घडीवरच तुटतो. आहे तसा कोरड्या जागी ठेवा आणि मला मेसेज करा, मी येतो.